नियमाचे बळ

वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमच्या शाळेत दर शनिवारी बालसभा भरत असे. सभेचा अध्यक्ष विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई आणि सभेचे चार-पाच नियम एका वहीत लिहून ठेवलेले असत. एका शनिवारी सहलीचा विषय निघाला. सहल बोर धरणावर न्यावी, दुपारी निघावे आणि रात्री परतावे, असा ठराव एका विद्यार्थ्याने मांडला. लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि "मते घ्या, मते घ्या" असा गलका उठला. त्या गलक्यात सातवीतील एक मुलगी उभी राहिली. ती तीन किलोमीटरांवरच्या खेड्यातून रोज पायी शाळेत येत असे. ती म्हणाली, "अध्यक्षमहाराज, ठरावावर आधी चर्चा व्हावी आणि मग मते घ्यावीत, असा आपल्या सभेचा नियम आहे. चर्चा अजून झालेलीच नाही."

काही मुले हसली. परंतु अध्यक्षाने वही उघडली, नियम वाचला आणि तिला बोलण्यास सांगितले. रात्री परतलेल्या मुलांपैकी बाहेरगावच्या मुलांनी अंधारात घरी कसे जावे, असा तिचा प्रश्न होता. सहल जवळच्या सेवाग्रामला न्यावी, अशी सूचनाही तिने केली. मते घेतली गेली तेव्हा तिची सूचना फेटाळली गेली आणि बोर धरणाचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. मात्र पहाटे निघून सूर्यास्तापूर्वी परतावे, असा बदल त्यात सर्वांनी आपण होऊन केला. मतांत ती मुलगी हरली, तरी तिच्या बोलण्याने सभेचा निर्णय अधिक शहाणपणाचा झाला.

मुलांनो, आपल्या देशाचा कारभारही अशाच एका मोठ्या सभेच्या संमतीने चालतो. तिचे नाव लोकसभा. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी तेथे बसतात. ज्या पक्षाला किंवा पक्षांच्या गटाला बहुमत मिळते, तो सरकार चालवतो. बाकीचे सदस्य विरोधी बाकांवर बसतात. मग तुम्ही विचाराल, की शेवटी बहुमताचेच खरे होणार असेल, तर विरोधी सदस्यांनी तेथे बसून करायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील व्याख्येपेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यातून अधिक चांगले कळते. म्हणून आज आपण मधु लिमये या लोकसभा-सदस्याची ओळख करून घेणार आहोत.

मधु लिमये यांचा जन्म 1 मे 1922 रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच ते स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढले गेले आणि समाजवादी विचारांच्या तरुणांत सामील झाले. 1940 साली गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबाजींनी आपल्या वर्ध्याजवळील पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. त्याच वर्षी खानदेशात युद्धविरोधी प्रचार केल्याबद्दल अठरा वर्षांच्या मधु लिमयांना पकडण्यात आले. धुळ्याच्या तुरुंगात त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. पुढे 14 जुलै 1942 रोजी काँग्रेसच्या कार्यसमितीने वर्ध्यातच ब्रिटिशांना देश सोडून जाण्यास सांगणारा ठराव केला आणि ऑगस्टमध्ये 'भारत छोडो' आंदोलन पेटले. त्या काळात लिमये भूमिगत राहून काम करीत होते. 1943 साली ते पुन्हा पकडले गेले व 1945 पर्यंत कारावासात राहिले.

देश स्वतंत्र झाला, परंतु गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य तसेच होते. 1955 च्या जुलै महिन्यात लिमये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. त्यांना बेदम मारहाण झाली आणि लष्करी न्यायालयाने बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. सुमारे एकोणीस महिने तुरुंगात काढल्यावर 1957 साली त्यांची सुटका झाली. परक्या सत्तेच्या न्यायालयात सामान्य माणसाच्या शब्दाला किती किंमत असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. आपल्या देशातील लोकसभेचे आणि न्यायालयाचे मोल त्यांना अधिक वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

1964 साली बिहारमधील मुंगेर येथे पोटनिवडणूक झाली आणि मधु लिमये लोकसभेवर निवडून आले. पुण्यात जन्मलेल्या मराठी माणसाला गंगेकाठच्या बिहारी मतदारांनी आपला प्रतिनिधी केले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. 1967 साली त्यांनी मुंगेरमधून पुन्हा विजय मिळवला. 1971 साली ते पराभूत झाले, पण 1973 मध्ये बिहारमधीलच बांका मतदारसंघाने त्यांना पोटनिवडणुकीत निवडून दिले आणि 1977 साली पुन्हा तोच विश्वास दाखवला.

आता जरा आकडे पाहा. 1967 साली निवडून आलेल्या लोकसभेच्या 520 जागांपैकी काँग्रेस पक्षाला 283 जागा मिळाल्या होत्या. लिमये ज्या संयुक्त समाजवादी पक्षाचे होते, त्या पक्षाला मिळाल्या होत्या 23. हात वर करून मते मोजायची म्हटली, तर 23 जणांचा 283 जणांपुढे काय निभाव लागणार? परंतु लोकसभेत केवळ हात मोजले जात नाहीत. तेथे कामकाजाचे नियम आहेत आणि ते सर्वांना सारखेच लागू आहेत. पंतप्रधानांना जो नियम, तोच सर्वांत मागच्या बाकावर बसणाऱ्या नव्या सदस्यालाही. हे नियम लिमयांनी बारकाईने अभ्यासले. राज्यघटना, कामकाजाची नियमावली आणि मागील अध्यक्षांनी दिलेले निर्णय यांचा त्यांचा व्यासंग इतका दांडगा होता, की संसदीय नियमांचे जाणकार म्हणून विरोधकांतच नव्हे, तर सत्ताधारी बाकांवरही त्यांचे नाव आदराने घेतले जाई.

हे नियम विरोधी सदस्याच्या हाती कोणती साधने देतात, ते आपण एकेक करून पाहू.

पहिले साधन म्हणजे प्रश्न. लोकसभेचे दिवसाचे कामकाज सामान्यतः प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते. कोणताही सदस्य आगाऊ सूचना देऊन मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. ज्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी हवे असते, त्यावर तारा, म्हणजे चांदणीची खूण असते. म्हणून त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. मंत्र्याने तोंडी उत्तर दिले, की त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. खरी कसोटी येथेच लागते. मूळ उत्तर कार्यालयातील अधिकारी तयार करून देतात, पण पूरक प्रश्नाला मंत्र्याला स्वतःच उभ्याउभ्या उत्तर द्यावे लागते. ज्याने विषयाचा अभ्यास केला आहे, त्याचा एक लहानसा पूरक प्रश्न लांबलचक भाषणापेक्षा अधिक काम करतो.

दुसरे साधन हरकतीच्या मुद्द्याचे. कामकाज नियमाला किंवा घटनेला सोडून चालले आहे असे वाटले, तर सदस्य ताबडतोब उभा राहून अध्यक्षांचे तिकडे लक्ष वेधू शकतो. नेमका कोणता नियम मोडला जात आहे, हे मात्र त्याला सांगावे लागते. त्यावर अध्यक्ष निर्णय देतात आणि तो सर्वांवर बंधनकारक असतो. आमच्या बालसभेतील त्या मुलीने जे केले, तो हरकतीचाच मुद्दा होता. मधु लिमये या साधनाच्या वापरात निष्णात होते.

तिसरे साधन हक्कभंगाचे. सभागृहाला व त्याच्या सदस्यांना आपले काम निर्भयपणे करता यावे, म्हणून काही विशेष अधिकार दिलेले आहेत. सभागृहाची कोणी जाणूनबुजून दिशाभूल केली, तर तो सभागृहाचा हक्कभंग ठरतो. मंत्रीही याला अपवाद नाहीत.

चौथे साधन अविश्वासाच्या ठरावाचे. लोकसभेतील किमान 50 सदस्यांचा पाठिंबा असेल, तर सरकारवर विश्वास राहिला नाही असा ठराव चर्चेला घ्यावा लागतो. स्वतंत्र भारतातील असा पहिला ठराव ऑगस्ट 1963 मध्ये आचार्य कृपलानी यांनी मांडला. तो संमत होणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते आणि तसेच झाले. परंतु त्या वेळी डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील कोट्यवधी गरीब माणसे रोजच्या अवघ्या तीन आण्यांवर जगतात, असे सांगितले. पंतप्रधान पंडित नेहरूंनी हा आकडा पंधरा आणे असल्याचे म्हटले. त्यावरून झालेला वाद देशभर गाजला. ठराव पडला, पण गरिबाच्या मिळकतीचा हिशेब देशाच्या सर्वोच्च सभेत मांडला गेला.

पाचवे साधन अशासकीय विधेयकाचे. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. तो मंत्र्यानेच मांडला पाहिजे असे नाही. मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो. वेंगुर्ल्याचे सुपुत्र आणि राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी 1967 साली असेच एक विधेयक मांडले होते. मूलभूत हक्कांच्या भागात बदल करण्याचा अधिकार संसदेला नाही, असा निर्णय त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तो अधिकार संसदेला असावा, असे नाथ पैंचे मत होते. विद्वानांत या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. विधेयक संमत होण्यापूर्वीच, जानेवारी 1971 मध्ये, नाथ पै यांचे निधन झाले. परंतु त्याच वर्षी संसदेने चोविसावी घटनादुरुस्ती करून तो अधिकार स्पष्ट केला. एका विरोधी सदस्याने उपस्थित केलेला प्रश्न सरकारला पुढे स्वतः हाती घ्यावा लागला.

ही साधने प्रत्यक्ष कशी वापरली जातात, याचे एक उदाहरण 1974 सालचे आहे. पाँडिचेरीच्या बाजूच्या काही व्यापाऱ्यांना परदेशातून माल आणण्याचे परवाने द्यावेत, अशी शिफारस करणारा एक अर्ज सरकारकडे आला होता. त्यावर 21 खासदारांच्या सह्या होत्या. या सह्या खोट्या असल्याचा संशय निर्माण झाला आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. लोकसभेत मधु लिमये, अटलबिहारी वाजपेयी आदी विरोधी सदस्यांनी हा विषय लावून धरला. खासदारांच्या नावांचा असा वापर होत असेल तर तो सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि तपासात काय आढळले हे सभागृहाला कळलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न, हरकतीचे मुद्दे, हक्कभंगाच्या सूचना अशा अनेक मार्गांनी त्यांनी पाठपुरावा केला. अखेर तपासाची कागदपत्रे विरोधी नेत्यांना पाहू देणे सरकारला भाग पडले. मते मोजली असती तर विरोधी सदस्य एकदाही जिंकले नसते. त्यांनी मतांचा नव्हे, नियमांचा आधार घेतला.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. वारंवार हरकती घेतल्याने सभागृहाचा वेळ जात नाही काय? त्या काळीही सत्ताधारी बाकांवरून अशी तक्रार होत असे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नियमाचा दुरुपयोगही करता येतो. केवळ काम अडवण्यासाठी कोणी नियम पुढे करीत असेल, तर तो नियमाचा सन्मान नव्हे. म्हणून नियम दाखवणाऱ्या माणसाकडे पाहताना एक कसोटी लावावी. तो नियम त्याच्या स्वतःच्या गैरसोयीचा ठरतो तेव्हा तो माणूस कसा वागतो, हे पाहावे. मधु लिमये या कसोटीला कसे उतरले, ते पुढील दोन प्रसंगांवरून दिसेल.

6 नोव्हेंबर 1968 रोजी मुंगेरजवळील लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना अटक झाली. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात असे सांगितले आहे, की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत. लिमयांना ती कळवण्यात आली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी एक पत्र लिहिले आणि ते सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. आपण लोकसभेचे सदस्य आहोत, म्हणून आपल्याला सोडावे, असा त्यांचा दावा नव्हता. कारण न सांगता कोणालाच डांबून ठेवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून विचारात घेतले आणि डिसेंबर 1968 मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मुक्त करण्याचा आदेश दिला. त्या निकालाचा दाखला पुढे कितीतरी सामान्य माणसांच्या उपयोगी पडला.

दुसरा प्रसंग याहून मोठा आहे. जून 1975 मध्ये देशात आणीबाणी पुकारण्यात आली. विरोधी पक्षांच्या असंख्य नेत्यांना चौकशीवाचून तुरुंगात टाकले गेले. जुलैमध्ये मधु लिमयेही बंदिवान झाले आणि मध्य प्रदेशातील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. मार्च 1971 मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च 1976 मध्ये संपत होती. परंतु निवडणूक न घेता संसदेने कायदा करून ही मुदत एक वर्षाने वाढवली. आणीबाणीच्या काळात अशी वाढ करता येते, असे घटनेतच नमूद आहे. म्हणजे नियमाच्या अक्षराप्रमाणे लिमये आणखी एक वर्ष खासदार राहू शकत होते.

तथापि त्यांनी निराळा विचार केला. लोकांनी आपल्याला त्या मुदतीपुरते निवडले आहे. ती संपल्यावर त्यांना पुन्हा विचारल्यावाचून त्यांचा प्रतिनिधी म्हणवून घेणे योग्य नाही, असे त्यांना वाटले. तुरुंगातूनच त्यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांच्याप्रमाणेच बंदिवासात असलेले तरुण खासदार शरद यादव यांनीही राजीनामा दिला. नियमाचे अक्षर एक सांगते आणि नियमाचा हेतू दुसरे सांगतो, अशी वेळ क्वचित येते. ती आली तेव्हा ज्यांनी जन्मभर अक्षराचा अभ्यास केला होता, त्यांनी हेतूची बाजू घेतली. आणि त्यासाठी इतरांकडे बोट न दाखवता स्वतःचे पद सोडले.

फेब्रुवारी 1977 मध्ये लिमये कारागृहातून बाहेर आले. मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत बांकाच्या मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. या वेळी त्यांचा जनता पक्ष सत्तेवर आला होता, परंतु लिमयांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. आणीबाणीत लोकसभेची मुदत सहा वर्षे करण्यात आली होती. ती 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पुन्हा पाच वर्षे झाली. 1980 च्या निवडणुकीत लिमये पराभूत झाले. त्यानंतर त्यांनी लेखन व चिंतन यांत काळ घालवला. माजी खासदार म्हणून आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळू शकणारे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. देशसेवेचा मोबदला घ्यायचा नसतो, अशी त्यांची धारणा होती. 8 जानेवारी 1995 रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, बलवानाला नियमाची फारशी गरज भासत नाही. त्याचे काम संख्येने, पैशाने किंवा आवाजाने भागते. ज्याच्यामागे चारच माणसे उभी आहेत, त्याला मात्र नियमाचाच आधार असतो. आणि आज जो बहुमतात आहे, तो उद्या अल्पमतात जाऊ शकतो. म्हणून नियम जपणे हे सर्वांच्याच हिताचे आहे. सत्ताधाऱ्यांनी तो दुसऱ्याचे ऐकून घेण्यासाठी जपावा आणि विरोधकांनी तो सत्य पुढे आणण्यासाठी वापरावा.

बोर धरणाच्या त्या सहलीहून आम्ही दिवसाउजेडी परतलो. बाहेरगावची मुले उन्हे उतरण्याच्या आत आपापल्या घरी पोचली. पुढच्या शनिवारी बालसभेत नवा ठराव आला, तेव्हा अध्यक्षाने मते घेण्याची घाई केली नाही. त्याने आधी विचारले, "या ठरावाच्या विरुद्ध कोणाला काही बोलायचे आहे काय?" तो प्रश्न ऐकून मला जे समाधान वाटले, ते कोणत्याही परीक्षेच्या निकालाने वाटले नव्हते.